सिलिंडर हलवला की आत डचमळतं काय?

दर महिन्याच्या एक तारखेला गॅस सिलिंडरच्या दराची बातमी येते. व्यावसायिक सिलिंडर इतक्या रुपयांनी महाग किंवा स्वस्त, घरगुती सिलिंडर ‘जैसे थे’. आपण आपला हिशेब करतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. पण या बातमीत एक विचित्र गोष्ट असते, ती सहसा कुणी विचारत नाही. विकत घेतो तो गॅस, मग तो किलोवर का? घरगुती १४.२ किलो, हॉटेलवाल्यांचा १९ किलो. आणि सिलिंडर पोहोचवणारा माणूस तो बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत दारापर्यंत आणतो तेव्हा आत चक्क काहीतरी डचमळतं. वायू डचमळत नाही.

आत काय आहे ते डोळ्यांनी बघायचं तर पानटपरीवरचा पारदर्शक लायटर उजेडासमोर धरा. आत पाण्यासारखा द्रव हलताना दिसेल. तो ब्युटेन. आपल्या सिलिंडरमध्ये हाच ब्युटेन आणि त्याचा धाकटा भाऊ प्रोपेन यांचं मिश्रण असतं. म्हणजे घरात येतो तो द्रव आणि शेगडीवर जळतो तो वायू. मधल्या मध्ये कुठलंही यंत्र नाही, मोटर नाही, वीज नाही. मग हा बदल घडवतं कोण?

शाळेत शिकलेलं अर्धं वाक्य

‘पाणी १०० अंशांना उकळतं’ हे आपण सगळ्यांनी घोकलंय. वाक्य चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं ते समुद्रसपाटीला. महाबळेश्वरला ते साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं, लेहला ८८च्या आसपास. उलट आपल्याच ओट्यावरच्या कुकरमध्ये ते १२० अंशांपर्यंत जाऊनही उकळत नाही. पाणी तेच, फरक आहे त्याच्यावरच्या दाबाचा.

पदार्थाचे कण, म्हणजे रेणू, एकमेकांना धरून ठेवायला बघतात. उष्णता त्यांना हलवत राहते, म्हणजे सोडवायला बघते. ही रस्सीखेच सतत चालू असते. घन पदार्थात रेणू जागच्या जागी थरथरतात, जागा सोडत नाहीत. द्रवात ते एकमेकांना सोडत नाहीत, पण सरकू शकतात. वायूत ते सुटे होतात आणि मिळेल तेवढी जागा व्यापतात. इथपर्यंत शाळेचं पुस्तक बरोबर. पण बाहेरचा दाबही या रस्सीखेचीत एका बाजूने ओढत असतो, हे आपण विसरतो. सुटू पाहणाऱ्या रेणूंना तो परत आत रेटतो. दाब जास्त, तर सुटायला उष्णताही जास्त लागते.

आता आकडे बघा. उघड्यावर, नेहमीच्या हवेच्या दाबाला, प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. म्हणजे पुण्या-मुंबईच्या कुठल्याही खोलीत ते द्रवरूपात राहूच शकत नाहीत. भांड्यात ओतले तर उकळून उडून जातील. त्यांना द्रव ठेवायचं तर दोनच रस्ते: भयंकर गार करा, नाहीतर दाबून बंद करा. घरोघरी उणे ४५ अंशांचा फ्रीज पोहोचवण्यापेक्षा पोलादी टाकी सोपी, म्हणून सिलिंडर.

दाबल्याने जागाही वाचते. या मिश्रणाचा एक लिटर द्रव सुटला की त्याचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. हीच गोष्ट उलटी करून बघा: द्रव करून भरला नसता, तर एका सिलिंडरच्या गॅससाठी हवेच्या दाबाची अशी टाकी लागली असती की तिने लहानसं स्वयंपाकघर निम्मं भरलं असतं.

बंद टाकीत गॅस दाबत कोण असतं?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. वाटतं, भरताना गॅस पंपाने ठासून भरलाय आणि तोच दाब हळूहळू उतरत जातो, सायकलच्या ट्यूबसारखा. तसं नाही.

सिलिंडरमध्ये खाली द्रव आणि वर थोडी मोकळी जागा असते. द्रवाच्या पृष्ठभागावरून रेणू सुटून वरच्या जागेत जातात. तिथे गर्दी वाढली की काही रेणू परत द्रवात पडतात. थोड्याच वेळात तोल साधतो. एसटी जशी प्रत्येक थांब्यावर जितके उतरवते तितकेच चढवते आणि आतली गर्दी तेवढीच राहते, तसं. माणसं बदलतात, गर्दी बदलत नाही. वरच्या जागेत साचलेल्या या वायूचा जो दाब असतो त्याला बाष्पदाब म्हणतात. तो ठरतो द्रव कोणता आहे आणि त्याचं तापमान किती यावर. द्रव किती उरलाय याच्याशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेत सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण पाच-सहा पट असतो. रेग्युलेटर तो इतका उतरवतो की शेगडीच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम तीन टक्के जास्त दाब उरतो. तुम्ही नॉब फिरवता, वरचा थोडा वायू बाहेर जातो, गर्दी कमी होते, लगेच द्रवातून नवे रेणू सुटून ती जागा भरून काढतात. सिलिंडर स्वतःच उकळत राहतो, अगदी आवाज न करता.

मग गॅस किती उरलाय ते मीटर लावून कळणार नाही का?

दाबाचा मीटर लावून नाही कळणार. कारण वर आलंच आहे: आत वाटीभर जरी द्रव उरला असेल, तरी दाब जवळपास तेवढाच दाखवणार. मीटर शेवटपर्यंत ‘सगळं छान’ म्हणत राहील आणि मग एकदम मान टाकेल. सिलिंडर पाहुणे आल्यावरच का संपतो, या अखिल मराठी प्रश्नाचं निम्मं उत्तर यात आहे.

खरा उपाय वजनाचा. सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. एकूण वजनातून ते वजा केलं की उरला तो गॅस. काटा नसेल तर आजीची युक्ती चालते. ओलं फडकं घेऊन सिलिंडरच्या अंगावरून वरून खाली एक ओला पट्टा ओढायचा आणि दोन-चार मिनिटं बघत बसायचं. वरचा भाग भराभर वाळतो, खालचा ओलसर राहतो आणि मध्ये बऱ्यापैकी सरळ रेघ उमटते. वर पत्र्यामागे नुसता वायू असतो, त्यामुळे तो पत्रा खोलीच्या हवेने चटकन कोमट होतो. खाली पत्र्यामागे किलोकिलोने द्रव आहे, तो पत्र्याला गार धरून ठेवतो. रेघ जिथे, तिथवर गॅस.

नव्या कोऱ्या सिलिंडरमध्येही ही रेघ अगदी गळ्याशी येत नाही, आणि त्यात कुणी मापात पाप केलेलं नसतं. घरगुती टाकीत ३३.३ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते, पण द्रव गॅस भरतात तो साधारण ऐंशी टक्केच. द्रव तापला की फुगतो आणि द्रव दाबून लहान होत नाही. काठोकाठ भरलेला सिलिंडर एप्रिलच्या उन्हात ट्रकवर उभा राहिला तर पोलादालाच वाट द्यावी लागेल.

उकळायला उष्णता लागते, ती येते कुठून?

चहाचं पाणी उकळायला खाली जाळ लागतो. सिलिंडर उकळतोय तर त्याच्या खाली जाळ कुठाय? जाळ नाही, पण खोलीची हवा आहे. उणे अंशांना उकळणाऱ्या द्रवाच्या दृष्टीने आपली ३० अंशांची खोली म्हणजे भट्टीच.

इथे एक शब्द समजून घ्यावा लागतो, अप्रकट उष्मा. पदार्थाची अवस्था बदलताना तो जी उष्णता पितो, पण जिच्यामुळे त्याचं तापमान वाढत नाही, ती ही. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती मोजली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. शून्य अंशावरचा बर्फ वितळायला किंचितशी उष्णता पुरत असती, तर थंडी सरल्यावर पहिल्याच उबदार दिवशी डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम वितळून महापूर आला असता. तसं होत नाही, बर्फ आठवडेच्या आठवडे वितळत राहतो. म्हणजे तो गुपचूप बरीच उष्णता पीत असला पाहिजे.

किती? एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. तेच पाणी शून्यावरून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी. आणि १०० अंशांच्या त्या पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी. स्वयंपाक करणाऱ्याने हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. उघड्या पातेल्यात डाळीला उकळी फुटली की जाळ मोठा ठेवून डाळ लवकर शिजत नाही. पाण्याचं तापमान १००च्या वर जातच नाही, जादा गॅस फक्त वाफ करण्यात जातो. वाफेचा चटका त्याच तापमानाच्या पाण्यापेक्षा वाईट का, तेही यातच आहे. कातडीवर तिचं पाणी होताना ती ते ५४० परत देऊन टाकते.

सिलिंडरमधल्या गॅसला एवढं लागत नाही, किलोमागे साधारण साडेतीनशे किलोज्यूल, म्हणजे पाण्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं. घरची शेगडी तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस जाळते. तेवढा उकळवायला पंधरा वॉटच्या बल्बाइतकी ऊब पुरते, आणि खोलीची हवा ती सहज देते. म्हणून घरात आपल्याला काहीच जाणवत नाही.

हॉटेलच्या भटारखान्यात मात्र हे नाटक उघड दिसतं. मोठी भट्टी एका सिलिंडरवर तासाला दोन किलो गॅस ओढत असेल तर त्याला सतत दोनशे वॉट ऊब हवी. एवढी हवेतून मिळत नाही. मग द्रव ती स्वतःच्या अंगातून काढतो आणि गार होत जातो. आधी सिलिंडरच्या खालच्या भागाला घाम फुटतो. कोकणात पावसाळ्यात तर लगेच, कारण हवा आधीच दमट. मग घामाचा पांढरा बर्फ होतो आणि बोटाने खरवडला तर खाली येतो. आत द्रव गार, म्हणून बाष्पदाब कमी, म्हणून ज्योत बारीक. आचारी ओरडतो, ‘गॅस संपला!’ संपलेला नसतो. तास-दोन तास तसाच ठेवला तर पुन्हा जोर धरतो. मोठ्या हॉटेलांत चार-सहा सिलिंडर एकत्र जोडलेले दिसतात ते यासाठीच. ओढ वाटून दिली की कुणा एकाला इतकं गारठावं लागत नाही.

आडवा केला, गरम पाण्यात ठेवला तर काय बिघडतं?

‘आम्ही वर्षानुवर्षं करतोय, काही झालं नाही,’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की किंवा भट्टीची ज्योत बसली की सिलिंडर आडवा करायचा, हलवायचा, नाहीतर उकळत्या पाण्याच्या टपात उभा करायचा.

आडवा केल्यावर ज्योत वाढते हे खरं आहे, आणि ती का वाढते तेच भीतीचं कारण आहे. उभ्या सिलिंडरच्या तोंडाशी वायू असतो. आडव्याच्या तोंडाशी द्रव येतो. रेग्युलेटर आणि नळी वायूसाठी बनवलेली आहेत. त्यांत थेंबभर द्रव शिरला की तो पुढे जाऊन अडीचशे पट फुगतो आणि बर्नरवर हातभर भडका उठतो. उकळत्या पाण्याचंही तसंच. ऊब देणं ही कल्पना बरोबर, पण सिलिंडर किती अंशांपर्यंत तापला आणि दाब किती वाढला हे बघायला कुणी उभं नसतं. हवेशीर जागा, दोन सिलिंडर जोडून वापरणं आणि थोडा धीर, यापलीकडे मला तरी सुरक्षित उपाय दिसत नाही.

थंडीत सिलिंडर शेवटी शेवटी जास्त कुरकुरतो, त्यालाही कारण आहे. प्रोपेन लवकर उकळणारा, तो आधी जास्त प्रमाणात निघून जातो. मागे राहतो तो ब्युटेन, आणि शून्याच्या आसपास त्याला उकळायचा उत्साह नसतो. गॅस संपत आला की वास जास्त येतो असं अनेकींचं म्हणणं असतं, तेही भ्रम नाही. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. ते ३५ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे या मंडळींत सगळ्यांत आळशी. ते तळाच्या द्रवात साठत जातं आणि शेवटच्या दिवसांत नाकाला झोंबतं.

मग सीएनजी असाच द्रव करून का भरत नाहीत?

रास्त शंका. रिक्षाच्या सीएनजी टाकीत हवेच्या दोनशे पट दाब असतो, सिलिंडरच्या कितीतरी वर. तरी आत द्रवाचा थेंब नाही. दाबाने जर द्रव होतो, तर हा का होत नाही?

कारण दाबाच्या जोरालाही मर्यादा आहे. प्रत्येक पदार्थाचं एक तापमान असतं, त्याच्यावर गेलात की कितीही दाबा, द्रव होणार नाही. रेणू इतक्या जोरात धावत असतात की जवळ आणले तरी एकमेकांना धरून राहत नाहीत. याला क्रांतिक तापमान म्हणतात. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करून हे नीट मांडलं. त्याआधी ऑक्सिजन, नायट्रोजन वगैरेंना ‘कायमचे वायू’ म्हणत, कारण दाबून दाबून शास्त्रज्ञ थकले होते. दोष दाबाचा नव्हता, आधी पुरेसं गार करायला हवं होतं. १८७७ मध्ये ऑक्सिजनचा द्रव करून दाखवला गेला.

प्रोपेनचं क्रांतिक तापमान सुमारे ९७ अंश, ब्युटेनचं १५२. आपण नेहमी त्याच्या खालीच असतो, म्हणून दाब पुरतो. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि त्याचं आहे उणे ८२. म्हणजे पृथ्वीवरच्या कुठल्याही गावात तो नुसत्या दाबाने द्रव होणार नाही. त्याला द्रव करायचं तर गोठवणारी थंडी हवीच. दाभोळला जहाजाने येतो तो हाच मिथेन, उणे १६२ अंशांना द्रव करून, थर्मासच्या धर्तीच्या टाक्यांमध्ये.

ऑक्सिजनचंही तेच, म्हणून एप्रिल २०२१ मध्ये सगळा देश क्रायोजेनिक टँकर शोधत होता. उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन साध्या टँकरमधून नेता येत नाही. कळंबोलीहून १९ एप्रिलला रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले गेले आणि भरून नागपूर-नाशिकला आणले गेले. एक लिटर द्रवातून साधारण ८६० लिटर वायू मिळतो, म्हणून एवढा खटाटोप. रुग्णालयांच्या आवारात टाकीशेजारी पंखांच्या उभ्या नळ्यांचा एक सांगाडा असतो आणि भर उन्हातही त्यावर बर्फ चढलेला असतो. तो सांगाडा काही गार करत नाही. बाहेरच्या हवेची ऊब घेऊन तो द्रवाचा वायू करतो, हॉटेलच्या सिलिंडरसारखाच, फक्त इथे ते मुद्दाम केलेलं असतं.

कार्बन डायऑक्साइडची गंमत निराळीच. त्याचं क्रांतिक तापमान ३१ अंश. ऑफिसच्या भिंतीवरच्या त्या काळ्या नळकांड्याच्या अग्निशामकात जानेवारीत द्रव असतो आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात मात्र द्रव-वायू हा भेदच उरलेला नसतो. तो सोडला की तोंडातून पांढरा भुगा उडतो, तो घन कार्बन डायऑक्साइड. हवेच्या दाबाला तो वितळत नाही, उणे ७८ अंशांना थेट वायू होतो. द्रव पाहायचा तर हवेच्या पाचपटीहून थोडा जास्त दाब लागतो. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या ओल न सोडता झिजतात, त्याही असाच मधला टप्पा गाळतात, फक्त फार सावकाश.

म्हणजे घरात बॉम्बच ठेवलाय की!

नाही. बंद सिलिंडरमध्ये हवा नसते आणि हवेशिवाय गॅस जळत नाही. धोका दोन वेळी असतो: गॅस बाहेर आल्यावर, आणि सिलिंडर आगीत सापडल्यावर.

आगीत सापडलेल्या टाकीचा खालचा भाग बराच वेळ टिकतो, कारण आतला द्रव उकळून उष्णता पीत राहतो. वरच्या भागामागे वायूच असतो, तिथलं पोलाद तापून नरम पडतं आणि आत दाब वाढत असतो. ते फाटलं की उरलेल्या सगळ्या द्रवावरचा दाब एका क्षणात जातो आणि तो सगळाच एकदम उकळतो. म्हणून अग्निशमन दल आधी टाकीवरच पाण्याचा मारा करतं.

गळतीचा धडा २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर मिळाला. ट्रकच्या धडकेने एलपीजी टँकरचे व्हॉल्व्ह तुटले, गॅस रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. कितीतरी गाड्या जळाल्या, अनेकांचा जीव गेला. अशा गळतीत जमिनीलगत पांढरं धुकं दिसतं. ते गॅसचं नसतं. गॅस दिसत नाही. उकळणाऱ्या द्रवाने गार केलेल्या हवेतलं ते पाणी असतं, आणि गॅस त्या धुक्याच्या कडेच्याही पुढे गेलेला असू शकतो. मुंबई-गोवा महामार्गावर टँकर उलटला की पोलीस दूरवरच गाड्या अडवतात, त्याबद्दल चिडचिड होते, पण अंतर ठरवायला डोळे पुरत नाहीत.

घरात हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला तरी ठिणगी पुरते. वास आला की स्विचला हात लावायचा नाही, चालूही करायचं नाही आणि बंदही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या. एक्झॉस्ट फॅन लावायचा मोह होतो, तोही टाळायचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो फरशीवर साचतो. म्हणून खिडकीपेक्षा दार उघडणं जास्त कामाचं, आणि ओट्याखाली जमिनीलगत जाळी हवी. ज्यांच्याकडे आता पाइपचा गॅस आलाय त्यांचं उलट आहे. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, छताकडे जातो. त्यांना झरोका वर लागतो. सिलिंडर काढून पाइपगॅस घेताना हा बदल करून घ्यायचं बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.